मीटरमागचा थेंब

पांढरी गाडी ऐसपैस होती, पण पेट्रोल घटाघटा प्यायची. निळी बेतानं प्यायची, पण मागचं दार लावायला गेलं की पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा वीतभर बाहेर राहायचा. राहिली राखाडी, आणि नेमकी तीच बघू नका असं धाकट्याने आदल्या दिवशी फोनवर दोनदा बजावलं होतं. तिचा गिअरबॉक्स गेलाय म्हणाला होता.

ताईने सकाळपासून तिचे गिअर चाळीसएक वेळा तरी टाकले असतील. एकदाही कुरकुर नाही, अडकणं नाही. भाड्याच्या टेम्पोतून आणलेली वीस किलोची बाराही वजनं मागे ठेवून झाली, सीटची मोठी बाजू पाडून प्लॅटफॉर्म काटा आडवा सरकवून झाला, दार खटकन लागलं आणि गाडी मागून फक्त दोन बोटं खाली बसली. पेट्रोलची परीक्षा तिने तिच्या पद्धतीने घेतली होती. टाकी गळ्यापर्यंत भरायची, वजनांसकट टेकडीचा रस्ता घेऊन बावीस किलोमीटरचा फेरा मारायचा, आणि मग घरून आणलेल्या शिक्क्याच्या मापाने टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. राखाडीला बरोबर एक माप लागलं. जुन्या गाड्यांच्या यार्डवाल्याने आयुष्यात बरीच चिकट गिऱ्हाइकं पाहिली होती, पण स्वतःचं लिटरचं माप काखोटीला मारून आलेलं कुटुंब त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तो ऑफिसच्या दारातून बघत हसला होता, आणि ताईला ते हसणं काही बरं वाटलं नव्हतं.

घरात ती सगळ्यांचीच ताई होती, तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या थोरल्याची आणि स्वतः आबांचीही. धाकटा दुकान सोडून गेला त्या वर्षी ती शाळेतली नोकरी सोडून त्याच्या जागेवर आली. चार वर्षं वजनं उचलून तिचे दंड थोरल्यापेक्षा दणकट झाले होते. थोरला काही गाडी चालवायला शिकला नाही, त्यामुळे फिरतीची गाडीही तिच्याच गळ्यात. गावोगावची दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथं म्हणून वजनकाटा आहे तिथं जायचं, आपली प्रमाण वजनं त्यावर ठेवायची, आणि काटा खोटं बोलत असेल तर त्याला वठणीवर आणायचं, हा काटेवाल्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. महिन्यापूर्वी जुनी व्हॅन बारा वजनांसकट चढावर बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून फिरती बंद होती आणि घरातली सगळी माणसं एकमेकांच्या पायात येत होती.

पण गाडी हे झालं निमित्त. आबांच्या मनात दुसरंच होतं आणि ते त्यांनी फक्त ताईला सांगितलं होतं. धाकटा गेली तीन वर्षं या यार्डात होता, गाड्या दुरुस्त करायचा, गिऱ्हाइकं आणायचा. गाडी त्याच्या मार्फत घ्यायची आणि घेता घेता त्याला घरी चल म्हणायचं, असं आबांनी ठरवलं होतं. त्यांना आता काट्यावरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. दुकानात दोन हात कमी पडत होते. खरं म्हणजे त्यांना धाकटा हवा होता, बाकी सगळी कारणं मागून जोडलेली होती. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात धाकट्याचा पिवळ्या मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर ठेवला होता. चार वर्षं तो त्यांच्याच खणात होता. सकाळी निघताना त्यांनी तो ताईला दाखवला आणि म्हणाले, "आज त्याला घेऊनच यायचं."

धाकटा पांढऱ्या गाडीचे कागद आणायला गेला होता. आबा ऑफिसात यार्डवाल्यासमोर बसले होते. ताई टेप गुंडाळत विचार करत होती, की चांगल्या गिअरबॉक्सला वाईट म्हणायचं कारण काय असेल. तिला एक दुपार आठवायला लागली होती आणि तिने ती आठवण नेटाने मागे लोटली.

*

मीटर म्हणत होतं, एकेचाळीस हजार किलोमीटर. ब्रेकच्या पेडलचं रबर म्हणत होतं, चल, काहीतरीच काय.

थोरला राखाडीच्या पुढच्या सीटसमोर खाली डोकं घालून ते रबर बघत होता. टाचेकडची नक्षी साफ झिजून गेली होती आणि कडेने लोखंड दिसत होतं. स्टिअरिंगची पकड आरशासारखी गुळगुळीत. एकेचाळीस हजारांत हे होत नाही. ताई बाहेरून गाडीच्या प्रेमात पडत होती आणि थोरल्याला आतून तिचा संशय येत होता. त्या दोघांचं हे नेहमीचंच होतं. त्याने कुणाला विचारलं नाही. हत्यारांची पेटी सोबत होतीच. त्याने मीटरवरचे चार स्क्रू काढले, वरची चौकट उचलली आणि मीटरचा डबा जपून पुढे ओढून त्याच्या पाठीमागे बॅटरीचा उजेड टाकला.

आकड्यांची चाकं धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर एक लाल थेंब होता.

काटेवाल्यांकडे कामाचा शेवट असाच व्हायचा. काटा बरोबर झाला की जुळवणीच्या स्क्रूवर घट्ट लाल रंगाचा एक थेंब द्यायचा. त्यामुळे स्क्रू हादऱ्याने ढिला होत नाही, आणि दुसऱ्या कुणी हात घातला तर थेंब तडकतो आणि कळतं. थेंब ओला असतानाच त्यावर नखाची खूण करायची. आबांची उभी रेघ, थोरल्याची तिरकी. धाकट्याने अकराव्या वर्षी कुरकुर केली होती, की सगळ्या रेघा तुम्हीच घेतल्या, आणि स्वतःसाठी फुली घेतली होती. ताईला खूण नव्हती. तिच्या कामावर आबाच आपली उभी रेघ ओढायचे. तिने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि म्हणून बाकी कुणीही काढलं नव्हतं. थेंबाचा नियम एकच होता. ज्या कामावर थेंब देता येणार नाही ते काम हातात घ्यायचं नाही, आणि ज्यावर आपला थेंब आहे तिथं काही बिघडलं तर आपण जायचं आणि नीट करून द्यायचं.

या थेंबावर फुली होती.

थोरल्याचे कान तापले. त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर बॅटरी विझवली आणि काचेतून आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. आपणच काहीतरी चोरताना सापडलो असं त्याला वाटत होतं. मग त्याला राग आला, आणि त्या रागाच्या पोटात एक भलतीच गोष्ट सापडली. त्याला बरं वाटत होतं. चार वर्षं तो रोज आबांच्या शेजारच्या स्टुलावर बसला होता आणि चार वर्षं जेवताना नाव निघायचं ते धाकट्याचं. आता बघा म्हणावं तुमचा लाडका. तो आनंद जेमतेम दोन श्वास टिकला असेल, पण टिकला. त्याची थोरल्याला धाकट्याच्या फुलीपेक्षा जास्त लाज वाटली.

त्याने ताईला हाक मारली. ती वाकून आत आली.

"फुली आहे," थोरला म्हणाला.

ताईने थेंब पाहिला आणि ती तशीच ओणवी राहिली. मघाची ती मागे लोटलेली दुपार आता चांगली ठाण मांडून बसली. सहा महिन्यांपूर्वी, आबा आत झोपले असताना, धाकटा दुकानात आला होता आणि बायकोच्या शिलाई मशीनला लावायला थोडा लाल रंग दे म्हणाला होता. खोकल्याच्या औषधाची बाटली सोबत घेऊन आला होता. तिने ती काठोकाठ भरून दिली होती. एका शिलाई मशीनला बाटलीभर रंग लागत नाही हे तिला तेव्हाही कळत होतं. पण तो बऱ्याच दिवसांनी दुकानात आला होता, हसत होता, आणि तिला विचारायचं नव्हतं.

थोरला म्हणत होता, की हे आत्ताच्या आत्ता आबांना दाखवतो. मीटर मागे फिरवायचं आणि वर आपली खूण करायची, म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली. ताईने त्याचं मनगट धरलं.

"आबा आज त्याला घरी न्यायला आलेत," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेत त्याचा."

थोरल्याला हे माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग ऑफिसच्या दारात आबांचा इस्त्रीचा शर्ट दिसला, पाठमोरा, यार्डवाल्याचं काहीतरी मान हलवत ऐकणारा. पाठीकडून शर्टाची इस्त्री मोडलेली होती, आणि थोरल्याला गलबलून आलं. त्याने अंगठ्याचं नख थेंबाखाली घातलं आणि तो खरवडायला लागला. जुना रंग कडक झाला होता, कपचे कपचे निघत होते. ताई बघत होती. नको म्हणाली नाही.

*

धाकट्याने फाटकातून पाहिलं तेव्हा राखाडी गाडीचं दार उघडं होतं, दादाचे पाय बाहेर होते आणि मीटरवरची चौकट बॉनेटवर ठेवलेली होती. तो जागच्या जागी थिजला. हातात पांढऱ्या गाडीचे कागद होते. मागे वळून चालू लागलो तर किती दूर जाता येईल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग तो गाडीपाशी आला.

"तिचा गिअरबॉक्स..." त्याने सुरुवात केली.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," ताई म्हणाली.

तिघंही गाडीच्या आडोशाला उभी राहिली. लहानपणी काही फुटलं की अशीच उभी राहायची, थोरला मध्ये, ही दोघं दोन बाजूंना. थोरल्याने मीटर का फिरवलंस हे विचारलंच नाही. त्याने विचारलं, "थेंब का दिलास?"

धाकट्यालाही हाच प्रश्न बरोबर वाटला. मीटर का फिरवलं याचं उत्तर सोपं होतं. यार्डवाला म्हणाला, मीटरच्या कामात तुझ्यासारखा हात नाही. धाकट्याला कुणी तरी पुष्कळ दिवसांनी हाताबद्दल चांगलं बोललं होतं. थेंबाचं उत्तर त्याने स्वतःलाही कधी दिलं नव्हतं.

"झाकण लावता येईना, दादा," तो म्हणाला. "स्क्रू आवळला, झाकण हातात घेतलं, आणि हात पुढे जाईना. काम अर्धवट सोडल्यासारखं वाटायला लागलं. मग थेंब दिला. मग नुसता थेंब तसा ठेववेना."

किती गाड्या, असं ताईने विचारलं. सतरा, तो म्हणाला. ही अकरावी. मग ती म्हणाली, "आम्हाला ही बघू नका म्हणून फोन केलास. दुसरं कुणी घेणार असतं तर?"

धाकट्याला त्या फोनचा अभिमान वाटत होता. काल रात्री तो बायकोला म्हणाला होता, की निदान घरच्यांना तरी मी फसू देणार नाही. आता ते वाक्य ताईसमोर आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

थेंब पुसलाय मी, थोरला तुटकपणे म्हणाला. चौकट लावतो, ही गाडी पसंत नाही असं सांगू आणि निळी घेऊ. काटा टपावर बांधू. आबांना यातलं काही कळायला नको. त्याने अंगठा पँटला पुसला. धाकट्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी दुकानाच्या पाटीवरून आपलं नाव कुणीतरी घासून काढावं तसं वाटलं, आणि तेही आपण त्याच लायकीचे असताना.

*

आबा एकेका गाडीवर हात टेकवत येत होते. मागून यार्डवाला बोलत येत होता. आबांना आता माणसांचे चेहरे धूसर दिसायचे, पण तीन मुलं एका रांगेत गप्प उभी आहेत म्हणजे काहीतरी फुटलं आहे, हे कळायला डोळे लागत नाहीत.

"मीटर बाहेर काढलंय वाटतं," ते म्हणाले. "बघू तरी."

थोरला काहीतरी बोलू लागला, मात्र आबा सीटवर बसलेसुद्धा. यंत्र उघडं दिसलं की त्यांना राहवायचं नाही. त्यांनी डब्याच्या मागे हात घातला आणि अंगठा फिरवला. डोळे गेल्यापासून तो अंगठाच त्यांचं भिंग झाला होता. चाकं, दांडी, स्क्रू. स्क्रूपाशी अंगठा थांबला. बाकी पत्रा धुळीने मऊ होता. इथं ताजा खरखरीतपणा होता आणि एक कपचा टोचत होता. तो त्यांनी दोन बोटांत धरून चुरला. हा चुरा ते साठ वर्षं ओळखत होते.

त्यांनी हात पुढे केला आणि थोरल्याचा उजवा हात मागितला. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने शाळेत द्यावा तसा हात दिला. आबांनी त्याच्या नखाखालून बोट फिरवलं.

"कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

धाकटा म्हणाला, "फुली होती, आबा."

यार्डवाल्याला वाटलं आपण मध्ये पडावं. तो मोकळा माणूस होता. त्याने सांगितलं, की यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, मीटर सगळेच मागे घेतात. उलट तुमच्या मुलाचं काम इतकं स्वच्छ, की कुणी शंका घेतलीच तर मी चौकट काढून थेंबच दाखवतो. काटेवाल्यांनी तपासलेलं मीटर आहे म्हणतो. थेंब बघितला की माणूस पुढे एक शब्द विचारत नाही. तुमच्या घराचं नाव आहे हो, असं तो म्हणाला आणि कौतुकानेच म्हणाला.

धाकट्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने खाली बसून डोकं हातात धरलं.

आबांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. त्यांना मुलांवर ओरडायचं होतं, त्यासाठी त्यांनी श्वासही घेतला. पण तो तसाच परत सोडला, कारण त्यांना पुलापलीकडची कोळशाची वखार आठवली होती. आठवली म्हणजे काय, ती कधी विसरलीच नव्हती. ताईचा जन्म झाला ते वर्ष. वखारवाल्याची अकरा दुकानं होती आणि सगळ्या काट्यांचं काम तो द्यायला तयार होता. अट एकच, वखारीतल्या मोठ्या काट्याने दहा किलोमागे शंभर ग्रॅम गिळायचे. थंडीचे दिवस होते. रांगेत बायका घमेली घेऊन उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाठ करून स्क्रू फिरवला होता. मग रंगाची बाटली काढली आणि झाकण न उघडताच पुन्हा खिशात टाकली. थेंब दिला नाही. वर्षभराने त्यांनी ती अकरा दुकानं आपणहून सोडली. त्यानंतर ते पुलापलीकडे कधी गेले नाहीत. मुलांनी विचारलं तर आपलं आणि त्यांचं जमत नाही एवढंच सांगायचे.

थेंब नव्हता म्हणून चाळीस वर्षं कुणाला कळलं नाही. या वेड्याने लबाडी केली आणि वर सही केली. आपण सहीच टाळली. दोघांत हुशार कोण आणि निर्लज्ज कोण, हे आबांना लख्ख दिसलं.

"खरा आकडा किती होता?" त्यांनी विचारलं.

"एक लाख शहात्तर हजार तीनशे नऊ. आजचा फेरा धरून."

"लिहून ठेवला होतास?"

"नाही. पाठ आहे." धाकटा खालूनच बोलत होता. "सगळ्यांचे पाठ आहेत."

काट्याला हात लावण्याआधी तो किती चुकतो आहे ते बघून ठेवायचं, हा दुकानातला पहिला धडा. तो आबांनीच दिला होता. त्यांनी खिशातून पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि बाहेर धरला. चार वर्षांत त्यांनी हा क्षण मनात पुष्कळदा रंगवला होता. धाकटा हसेल, मूठ ओळखेल, काहीतरी चेष्टा करेल. धाकट्याने मूठ ओळखली आणि तो रडायला लागला. रडतच तो सीटवर बसला आणि आकड्यांची चाकं एकेक करून पुढे न्यायला लागला.

यार्डवाला आता मोकळा राहिला नव्हता. त्याने विचारलं, की असल्या आकड्याला ही गाडी घेणार कोण.

"आम्ही," ताई म्हणाली. "काटा मावतो, लिटरला बावीस जाते. तिची किंमत तिच्या खऱ्या वयाइतकी सांगा, दुपारी कागद करू. आणि उरलेल्या सोळा गाड्या कुणाकडे गेल्या त्याची नावं द्या." तिचा आवाज शाळेतला होता. यार्डवाला नावं शोधायला आत गेला.

रंग लागणार होता. बाटली कामाच्या खणात आहे, असं धाकटा म्हणाला. थोरला जाऊन ती घेऊन आला. खोकल्याच्या औषधाची, तळाला बोटभर लाल उरलेली. आबांनी ती हातात घेऊन ओळखायचा प्रयत्न केला.

"ती मी भरून दिली होती," ताई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "शिलाई मशीनसाठी म्हणाला. मला खरं वाटलं नव्हतं, तरी दिली. आणि आत्ता दादा खरवडत होता तेव्हा मी बघत उभी होते."

आबांनी बाटली धाकट्याच्या हातात दिली. मग धाकट्याने काडीने थेंब दिला. तो नख टेकवायला गेला तेव्हा थोरल्याने त्याचं मनगट खालून धरलं. फुली जरा वाकडी उमटली.

*

दुपारी कागद झाले आणि वजनं परत मागे चढली. सीटची मोठी बाजू पाडलेलीच होती, त्यामुळे मागे एकाच माणसापुरती जागा उरली आणि तिथं थोरला बसला. धाकट्याला बसायला प्लॅटफॉर्म काट्याशिवाय काही नव्हतं. तो त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला. त्याच्या भाराने काट्याची सुई सरकली आणि गाडी हलेल तशी लटपटत राहिली. एरवी थोरल्याने त्याच्या वजनावरून आठवडाभर पुरेल एवढी चेष्टा केली असती. आज त्याने सुईकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

सोळा नावांची यादी ताईच्या पुढ्यात होती. आबा तिच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. धाकट्याला घरी चल असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि उतर असंही म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की गाडीत आपल्याइतकं खजील दुसरं कुणी नाही.

चौकात डावीकडे घर होतं. ताईने डावीकडचा दिवा लावला.

"डावीकडे नको," आबा म्हणाले. "सरळ घे. पुलावरून."

ताईने दिवा बंद केला. पुलापलीकडे आपलं एकही गिऱ्हाईक नाही, हे तिने सांगितलं. आबांना ते माहीत आहे हे तिला माहीत होतं, तरी सांगितलं.

"कोळशाची वखार आहे," आबा म्हणाले. "तिथला काटा मी खोटा केला होता. तू झालीस त्या वर्षी. अजून तोच असेल का, ठाऊक नाही. असला तर नीट करून द्यायचा, नसला तर निदान त्यांना सांगायचं."

मागे धाकट्याची हालचाल झाली असावी, कारण काट्याचं लोखंड करकरलं. थोरला पुढे झुकला होता.

"थेंब आहे त्यावर?" त्याने विचारलं.

"नाही," आबा म्हणाले. "मला द्यायचं धाडस झालं नाही."

त्यांनी मान खाली घातली. आबांनी मान खाली घातलेली या तिघांपैकी कुणीच कधी पाहिली नव्हती, आणि आता कुठं बघावं ते कुणाला कळेना. मागून हॉर्न वाजायला लागले. ताईने पहिला गिअर टाकला, तो निमूट पडला, आणि एक लाख शहात्तर हजार तीनशे नऊ किलोमीटर चाललेली गाडी पुलाच्या दिशेने निघाली.